मालकांच्या कपाळावरची आठी

“आता तुम्ही म्हातारे आहात,” गार्गी मॅडम म्हणाल्या.

समोर बसलेल्या आम्हा मंडळींत साठीच्या आतलं कुणी नव्हतं. कुणाच्या गुडघ्याची वाटी बदललेली, कुणाच्या छातीत स्प्रिंग घातलेली. तरी एकानंही हूं की चूं केलं नाही, कारण मॅडम थेट पुण्याहून आल्या होत्या आणि नाश्त्याला शिरा चांगला होता.

मग त्यांच्या माणसानं प्रत्येकाच्या हातात एक गॉगल दिला. त्याच्या काचांवर व्हॅसलीन फासलेलं होतं. कानात घालायला कापसाचे बोळे दिले. आणि पायताणात टाकायला मूठभर हरभरे.

“आता उठा आणि हॉलला एक फेरी मारा,” मॅडम म्हणाल्या. “म्हातारपण आतून कसं वाटतं, ते अनुभवा. उद्या तुम्ही आपापल्या केंद्रातल्या ज्येष्ठांना कला शिकवणार आहात. आधी त्यांच्या जगात उतरा.”

मी हात वर केला. “मॅडम, माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गॉगल नुसता डाव्या डोळ्याला धरला तर चालेल का?”

“सर, पळवाटा शोधू नका. अनुभव घ्या.”

घेतला. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष बाळगोंडा शिरगुप्पे, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणायचा, माझ्या पुढं होते. एरवी हा माणूस घरातल्या फरशीवरसुद्धा चप्पल घालून चालायचा, टाच दुखते म्हणून. आज हरभऱ्यांवरून चालताना चेहरा असा केला होता, जणू देवाचं बोलावणं आलंय. त्या गॉगलमधून काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या कूलरला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “मॅडम, डोळे उघडले आमचे.”

मी रघुनाथ चौगुले. गडहिंग्लजच्या एका शाळेत सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात घालवली. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला पोरं बसवायची आणि रेषा सरळ येईपर्यंत त्यांना सोडायचं नाही, एवढाच माझा उद्योग. गावात मला तापट म्हणतात. खोटं म्हणत नाहीत. आणि आमच्या संघाच्या भिंतीवर ‘कलास्नेही केंद्र’ अशी निळी पाटी लागता लागता राहिली, ती माझ्यामुळं राहिली असंही म्हणतात. तेही खोटं नाही. आता अण्णा राहिले नाहीत, त्यामुळं सगळं सांगून टाकायला हरकत नाही.

तर त्या संस्थेचं नाव होतं सायंरंग फाउंडेशन. ती म्हाताऱ्यांना कला शिकवत नव्हती. म्हाताऱ्यांना कला कशी शिकवावी, हे ती दुसऱ्या संस्थांना शिकवायची. म्हणजे स्वतः चुलीपाशी जायचं नाही, आचाऱ्यांना प्रवचन द्यायचं. जिल्ह्यातल्या सगळ्या ज्येष्ठ नागरिक संघांतून दोघं-दोघं कोल्हापूरला बोलावले होते. आमच्याकडून अण्णा गेले कारण ते अध्यक्ष, आणि मी गेलो कारण गावात चित्रकलेचा मास्तर मीच.

दुपारच्या जेवणानंतर नियम सांगितले. सायंरंगच्या वर्गात खोडरबर नसतं. ‘चूक’ हा शब्द नसतो. ‘हे काय काढलंय?’ असं विचारायचं नसतं. शिकवणाऱ्यानं स्वतःला शिक्षक म्हणायचं नसतं, कलासखा म्हणायचं असतं. आणि कुणीही चित्र दाखवलं की सगळ्यांनी दोन्ही हात वर करून बोटं पाकळ्यांसारखी हलवायची आणि एका सुरात म्हणायचं, “फुललं, फुललं.”

“आणि खरोखर बिघडलेलं असलं तर?” मी विचारलं.

“कशात बिघडलेलं, सर?”

“चित्रात. म्हणजे समजा, म्हैस काढायला घेतली आणि ती पेटी झाली.”

गार्गी मॅडम हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या. कपाळावर मोठं कुंकू, अंगात खादीचा कुडता, आवाज मऊ. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं त्या आमच्याशी बोलायच्या. “सर, या वयात शिकायचं नसतं. उमलायचं असतं. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या चुकाच काढल्यात. आता शेवटी शेवटी तरी आपण नको काढूया.”

‘शेवटी शेवटी’ म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला घाम फुटला.

परत येताना एसटीत अण्णा खुशीत होते. “चौगुले, आपल्याला ती पाटी पाहिजे,” ते म्हणाले. “तीन महिने वर्ग चालवायचा, मग मॅडम येऊन बघणार आणि पाटी देणार. आमदारांच्या हस्ते लावू. नेसरीच्या संघानंही नाव दिलंय. त्यांना आधी मिळाली तर मी गावात तोंड दाखवणार नाही.” आमच्या संघात तोवर कला म्हणजे वाढदिवसाला शाल आणि नारळ, आणि महिन्यातून एकदा रक्तातली साखर बघणं. पण अण्णांना पाटी म्हटलं की दम निघत नसे. त्यांच्या घराच्या दारावर त्यांच्या नावाच्याच दोन पाट्या होत्या, मराठीत एक आणि इंग्रजीत एक.

“एकच विनंती आहे,” अण्णा म्हणाले. “तुम्ही तोंड उघडू नका. कुणाची चूक काढू नका. फक्त फुललं म्हणा.”

पाण्याच्या टाकीशेजारी आमचं विरंगुळा केंद्र. तिथं वर्ग सुरू झाला. पुरुषमंडळी चहासाठी यायची आणि चहा पिईपर्यंत उमलायची. कुणी सूर्य काढी, कुणी झोपडी, कुणी दोन डोंगर. सगळी चित्रं थेट चौथीच्या वहीतली. मी हात वर करून बोटं हलवायचो आणि घरी जाऊन बायकोवर चिडायचो.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्गाला इंदूअक्का रेळेकर आल्या. त्यांच्या नवऱ्याची बाजारात गुळाची अडत होती. त्यांचा मुलगा विलास माझ्या हाताखालून गेलेला, आता तोच अडत बघायचा. अक्का सत्तरीच्या, बारीक, ताठ. कागद घेतला, पेन्सील घेतली आणि सूर्य-झोपडीच्या भानगडीत न पडता सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“सर, मला तोंड काढायला शिकायचंय.”

“कुणाचं?”

“आमच्या मालकांचं.”

“फोटो घेऊन या, त्यावरून बघून काढू.”

“फोटोमुळंच तर सगळी भानगड झालीय,” त्या म्हणाल्या, आणि मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं.

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिवंतपणी हा माणूस फोटोला कधी उभा राहिला नाही. लग्नातसुद्धा फोटोवाल्याला हाकलून दिलेलं. गेल्यावर भिंतीवर लावायला घरात फोटोच नाही. तेव्हा विलासनं त्यांच्या मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओत नेऊन दिला. आता त्या ओळखपत्रावर माणूस आहे की डांबराचा डाग, हे कुणालाच कळत नाही. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं माणूस तयार केला. अंगावर कोट घातला, गळ्यात टाय बांधला, मागं निळं आभाळ लावलं. रंग दोन पायऱ्या उजळला. आणि चेहऱ्यावर हसू आणलं.

“गालाला खळीसुद्धा पाडलीय, सर,” अक्का म्हणाल्या. “आमच्या मालकांना खळी. अहो, ते हसले असते तर मी तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवला असता. उभा जन्म गुळाच्या ढेपांत गेला आणि तोंड कायम कारल्यासारखं. आत आले की पोरं गप्प, मांजर गप्प, मी गप्प. आणि आता रोज सकाळी मी कुणाला हार घालते? त्या टायवाल्याला. ओळख ना पाळख.”

शेजारी दोन डोंगर काढत बसलेले लोक ऐकत होते. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून दाबलं.

“पाहुणे येतात, म्हणतात, किती हसतमुख होते हो. आमचा विलास म्हणतो, होय, बाबा कायम हसत असायचे. त्याची पोरंही आता तेच म्हणतात. घरात सगळ्यांनी टायवाला पास करून टाकला. आणि आता, सर, डोळे मिटले तरी मलाही तोच दिसायला लागलाय. मालक पुसत चाललेत. पुरते पुसून जायच्या आत मला त्यांचं खरं तोंड कागदावर पाहिजे. दुसरं काही नको.”

अण्णा मध्ये आले. “अक्का, अहो रेळेकर म्हणजे देवमाणूस. मी बँकेत नोकरीला होतो तेव्हा यायचे, किती गोड बोलायचे.”

“बँकेत बोलत असतील,” अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पहिला चेहरा काढला. अंड्यासारखा गोल, त्यात वर डोळे, खाली रेघ. दाखवला. अण्णांनी इशारा केला. सगळ्यांनी हात वर केले, बोटं हलवली. “फुललं, फुललं.”

अक्कांनी सगळीकडं एकदा बघितलं. “फुललं ते समजलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं कुठं?”

अण्णा माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी म्हणालो, “छान आहे, अक्का. उमलतंय.” म्हणताना मला ते तोंडातनं थुंकून टाकावंसं वाटलं.

असं महिनाभर चाललं. अक्का दर खेपेला नवा कागद आणायच्या, नवं अंडं. रबर नव्हतं, त्यामुळं जे बिघडलं ते बिघडलेलंच राहायचं. लोक बोटं हलवायचे. एकदा अण्णांनी प्रेमानं सुचवलं, “ओठांची टोकं जरा वर घ्या की, किती गोजिरवाणं दिसेल.” अक्कांनी कागद गुंडाळला आणि चहा न घेता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. मी बाहेरच्या सोप्यात आडवा पडलो होतो. बायकोनं पाट दिला, पाणी दिलं. अक्कांनी पाण्याला हात लावला नाही.

“सर, तुम्ही आमच्या विलासचा कान पिरगाळला होता. आठवतंय?”

“बऱ्याच जणांचे पिरगाळलेत, अक्का.”

“त्यानं घागर वाकडी काढली म्हणून. पोरगं घरी रडत आलं. मालकांनी त्याला वर आणखी एक ठेवून दिली, मास्तरानं मारलं म्हणजे तुझंच चुकलं असेल म्हणून. त्या पोराची घागर पुढच्या आठवड्यात सरळ आली. मग मला का सांगत नाही काय चुकलं ते? मी काय लगेच मरणार म्हणून सगळे गोड बोलता?”

माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेली. तिला माहीत होतं, आता मी काय करणार.

मी उठलो. कपाटातनं रबर काढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. “आणलंय का चित्र? द्या.”

त्यांनी दिलं.

“अक्का, हा तुमचा नवरा नाही, ही पपई आहे. डोळे कुठं घातलेत बघा. कपाळावर. तुमचे डोळे कपाळावर आहेत का? हात लावून बघा. डोक्याच्या वरपासून हनुवटीपर्यंत माप घ्या. डोळे बरोबर मध्ये येतात. सगळ्यांचे येतात, राजाचे येतात आणि भिकाऱ्याचेही येतात. तुम्ही त्यांच्या डोक्याला जागाच ठेवली नाही.”

अक्कांनी स्वतःचं डोकं चाचपलं, मग हनुवटी. मग चार बोटं डोळ्यांवर आडवी धरली. आणि एकदम खुलल्या. “अगबाई, होय की. हे कुणी आधी का नाही सांगितलं?”

“बंदी आहे,” मी म्हणालो.

त्यानंतर दुपारी त्या आमच्याकडं यायला लागल्या आणि संघातल्या वर्गाला नुसत्या चहापुरत्या. मी त्यांची चित्रं फाडली नाहीत, एवढंच. बाकी सगळं केलं. कान कसा बसतो, नाक कसं संपतं, हनुवटीखाली सावली का येते. चुकलं की चुकलं म्हणालो. दोनदा आवाज चढवला. एकदा त्या रागावून पेन्सील टाकून गेल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

डोक्याचा आकार आला, पण चेहरा येईना. कुणातरी म्हाताऱ्याचा येत होता, रेळेकरांचा नव्हता. तेव्हा मी पेन्सील बाजूला ठेवायला सांगितली.

“अक्का, काढू नका. आधी सांगा. ते रागवायचे तेव्हा आधी काय व्हायचं?”

“आधी?” त्यांनी डोळे मिटले. “आधी काहीच बोलायचे नाहीत. उजवी भुवई खाली यायची. डावी तशीच राहायची.”

“मग?”

“मग कपाळावर एक आठी पडायची. सरळ नाही, तिरकी. नाकाच्या मुळापासून उजवीकडं वर.”

“आणि ओठ?”

“ओठ आत घ्यायचे. आमटीत मीठ जास्त झालं की असेच आत घ्यायचे. तसेच जेवून उठायचे. बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.”

“काढा ती आठी.”

त्यांनी काढली. जरा लांबली. मी म्हणालो, पुसा. पुसली, पुन्हा काढली. पुन्हा पुसा. अशी ती आठी किती वेळा पुसली असेल, देव जाणे. शेवटी एक बसली. बसली तशी त्यांचा हात थांबला, आणि बसल्या बसल्या त्यांनी पदर नीट सावरला. आपण काय केलं, ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

“हे बरोबर आहे का, सर?” त्या म्हणाल्या.

“मला काय विचारता? मी त्यांना बाजारात दुरून बघितलेलं.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलंच नाही. आणि माझा आता भरवसा वाटत नाही मला. सगळे म्हणतात देवमाणूस. मीच रागाच्या भरात जास्तीचं काढत नाही ना?”

डोळे कुठं बसतात हे मला सांगता येत होतं. हे नाही.

मग तीन महिने संपले आणि समारोपाचा दिवस आला. केंद्राला झेंडूची तोरणं लावली, रांगोळी काढली. आमदार येणार होते, ते आले नाहीत, त्यांची शाल पोहोचली. भिंतीवर सगळ्यांची चित्रं लावली होती. सूर्य, झोपड्या, डोंगर. अण्णांनी अक्कांचं पहिलं अंडं कुठूनतरी शोधून काढलं होतं आणि ते मधोमध लावलं होतं, खाली रंगीत अक्षरात ‘एका पत्नीचं प्रेम’. अक्का आल्या, अंडं काढून हाती घेतलं, अण्णांच्या हातात दिलं आणि त्या जागी आपलं चित्र टाचलं.

लोक पुढं आले आणि जरा मागं सरले. कुणी हात वर केले नाहीत.

गार्गी मॅडम आल्या. सगळ्या भिंतीवर त्यांनी बोटं हलवली, झोपडीला फुललं म्हणाल्या, डोंगरांना फुललं म्हणाल्या. अक्कांच्या चित्रापुढं त्यांचे हात वर जाता जाता थांबले.

“यात खूप राग आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ह्या रेषा... पुसून पुन्हा काढल्यात का?”

अण्णांच्या कपाळावर घाम आला. “मॅडम, आमच्याकडं रबर नाहीच.”

“माझ्याकडं आहे,” मी म्हणालो. “मी दिलं.”

“सर, तुम्ही दुरुस्त केलंत?”

“मी चुका सांगितल्या. दुरुस्त त्यांनी केलं.”

“सर,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “ज्येष्ठांना अपयशाचा अनुभव द्यायचा नाही, हा आपला पहिला नियम होता.”

“मॅडम, ज्येष्ठ मी पण आहे. तुम्ही मला पहिल्याच दिवशी हरभऱ्यांवरून चालवलंत.”

अण्णांनी डोळे मिटले. मॅडमना राग आला असावा, पण त्या शिकलेल्या होत्या, तो त्यांनी दिसू दिला नाही. त्या अक्कांच्या पुढ्यात वाकल्या आणि लहान पोरीला विचारावं तसं सावकाश, मोठ्यानं विचारलं, “आजी, सरांनी तुमच्या चुका काढल्या तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का?”

“वाटलं की,” अक्का म्हणाल्या. “मग दुरुस्त केलं.”

त्यांनी पुन्हा चित्राकडं बघितलं. “आजी, हे तुमचे यजमान ना? तुम्ही त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढलीत. कुठंतरी प्रेमाचा क्षण असेलच. आपण असं करूया का? फक्त ओठ जरा वर घेऊया. आणि कपाळावरची ही रेषा थोडी पुसट करूया. बघा, लगेच उजळेल.”

“म्हणजे दुरुस्ती चालते तर,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडं वळल्या. “ही दुरुस्ती नाही, सर.”

“मग काय आहे?”

“हा... वेगळ्या नजरेनं बघायचा आग्रह आहे.”

“स्टुडिओवाल्याचाही तोच होता,” अक्का म्हणाल्या.

मॅडमना त्यातलं काही समजलं नाही, कारण त्यांना टायवाल्याची गोष्ट माहीत नव्हती. अण्णांना समजलं, पण त्यांचं सगळं लक्ष टेबलावर ठेवलेल्या निळ्या पाटीकडं होतं. ती अजून कागदातच गुंडाळलेली होती. मॅडम त्यांना बाजूला घेऊन गेल्या आणि मऊ आवाजात काहीतरी समजावू लागल्या. अण्णांचा चेहरा उतरत गेला. पाटी पुन्हा मॅडमच्या पिशवीत गेली. पुढं ती नेसरीला लागली. अण्णा वर्षभर नेसरीच्या एसटीत बसले नाहीत.

माझं चित्त तिकडं नव्हतं. अक्का आपल्या चित्राच्या शेजारी उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड निरखत होत्या. कुणी म्हणे, “बाप रे.” कुणी म्हणे, “अक्का, असे नव्हते हो रेळेकर, असा काय काढलात गरीब माणूस.” जुन्या बाजारातल्या एकानं तर कान पकडले. “मेलेल्या माणसाला असं दाखवू नये, अक्का. देवमाणूस होता.” प्रत्येकाबरोबर अक्का जरा जरा लहान होत चालल्या होत्या. मला त्यांच्या जवळ जायला हवं होतं, पण जाऊन सांगणार काय? सगळा गाव एका बाजूला आणि त्यांची एकटीची आठवण एका बाजूला.

त्या हळूच म्हणाल्या, “सर, काढून टाकू का?”

“थांबा जरा,” मी म्हणालो.

तेवढ्यात विलास आला. पन्नाशीला टेकलेला गडी, पोट सुटलेलं, तोंडात तंबाखूचा मावा, कानाला फोन. बाजारात त्याच्या शब्दाला वजन होतं. दारातूनच मोठ्यानं हसत म्हणाला, “काय अण्णा, सत्कार आज कुणाचा?” फोनवर पलीकडं कुणाला तरी ढेपांचा भाव सांगत सांगत तो भिंतीला धरून पुढं सरकत होता. सूर्य बघितले, झोपड्या बघितल्या. मग त्या चित्रापाशी आला.

बोलणं मध्येच तुटलं. फोनवरचा माणूस पलीकडून हॅलो हॅलो करत होता, ते मला इथवर ऐकू आलं. विलासनं फोन तसाच खिशात घातला. मग एकदम तोंडावर हात ठेवला, वळला आणि झपाझप बाहेर गेला. बाहेर नळावर चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

आत आला तेव्हा त्याचे ओठ ओले होते आणि शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. तो चित्राच्या पुढं, दोन हात अंतरावर, हात मागं बांधून उभा राहिला. मान खाली. कुणी त्याला तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं.

गार्गी मॅडम जवळ आल्या. “तुम्ही यांचे चिरंजीव ना? तुम्हाला नाही वाटत, जरा हसरे हवे होते?”

विलासला ऐकूच गेलं नाही. मान वर न करता तो म्हणाला, “आई, हे घरी आणू नकोस.”

“का रे?” अक्का म्हणाल्या.

“नको. जेवण जायचं नाही.”

अक्का खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. पाण्याचा पेला घेऊन गेलो, तर हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांतलं पाणी गालावर येत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

“सर,” त्यांनी माझा हात धरला, “हाच रोज मला सांगायचा, बाबा कायम हसायचे म्हणून. मला वाटायला लागलं होतं, एवढा जन्म मी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात काढला की काय.”